एकाच फळीवरची दोन पुस्तकं

गेल्या मे महिन्यात आमची नात पूर्णगडला राहायला आली होती. नात म्हणजे बायकोच्या भावाची नात. पण कोकणात अशी नाती फार मोजत बसत नाहीत. ती मला आजोबा म्हणते, बायकोला आजी म्हणते, तेवढं पुरे. पुण्यात कॉलेजात शिकते. आल्या दिवशी आंबे झाले, दुसऱ्या दिवशी खाडीवरचा पूल ओलांडून गावखडीचा किनारा झाला आणि तिसऱ्या दिवशी करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा तिने माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे मोर्चा वळवला. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' काढला. त्याला लागूनच मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' होतं, तेही काढलं. ऊन उतरलं की ती दोन्ही पुस्तकं घेऊन किल्ल्यावर जायची. आमचा किल्ला लहानसा, जांभ्या दगडाचा. तटावर बसलं की एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला मुचकुंदीची खाडी. वाचायला जागा चांगली आहे, वाऱ्यामुळे पानं तेवढी धरून ठेवावी लागतात.

दोन-तीन दिवसांनी दिवेलागणीच्या वेळी ती परत आली आणि दोन्ही पुस्तकं माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आजोबा, ही तुम्ही शेजारी शेजारी कशी काय ठेवलीत?"

मी म्हटलं, "एक नवऱ्याचं, एक बायकोचं. शेजारी नकोत?"

माझा विनोद तिला आवडला नाही. मग मी गंभीर झालो आणि आपण सगळे अशा वेळी जे म्हणतो ते म्हणालो. माणूस वेगळा आणि त्याचं लेखन वेगळं. कविता वाचताना कवीच्या घरात डोकावू नये. विहिरीचं पाणी गोड असलं की झालं, विहीर कुणी खणली याची चौकशी कशाला.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "पण हे वेगळं करायचं कोणी? ज्यांनी मार खाल्ला नाही त्यांनी?"

बँकेत असताना कर्जदारांची बरीच बिनतोड उत्तरं मी ऐकून घेतली आहेत, आणि बहुतेकांना माझ्याकडे प्रत्युत्तर असायचं. या प्रश्नाला नव्हतं. त्या रात्री ओटीवर बसून बराच वेळ विचार केला आणि पुढच्या चार-सहा महिन्यांत जुनी पुस्तकं पुन्हा उघडली. हा लेख म्हणजे त्या उचकापाचकीचा हिशेब आहे.

आधी 'गोलपिठा'बद्दल. १९७२ साली हा संग्रह आला, विजय तेंडुलकरांची प्रस्तावना घेऊन. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. मी तो वाचला फार पुढे, नोकरीला लागल्यावर, आणि पहिल्या वाचनात निम्मे शब्द मला कळले नव्हते हे कबूल करतो. मराठी आपली मातृभाषा आहे असं समजणाऱ्या माझ्यासारख्याला त्या पुस्तकाने सांगितलं की, बाबा रे, तुझ्या आईची भाषा तेवढी तुला येते. मुंबईतल्या त्या वस्तीतल्या, शरीर विकून जगणाऱ्या बायकांविषयी इतक्या आतड्याने मराठीत आधी कुणी लिहिलं नव्हतं.

आणि १९८४ साली त्याच कवीच्या पत्नीचं आत्मकथन आलं. मल्लिकाबाई स्वतः कवयित्री, शाहीर अमर शेखांची मुलगी. लग्न प्रेमाचं. त्या लग्नात वाट्याला आलेली मारहाण, फरपट, आजार, एकटेपण त्यांनी कुठलाही आडपडदा न ठेवता लिहिलं. त्या पुस्तकात वाचकाची समजूत घालणारा सूर नाही. शीर्षकच पाहा. माझी नात ज्या गोष्टीने हादरली होती ती केवळ मारहाण नव्हती. परक्या बायकांचं दुःख ज्याला एवढं कळतं त्याला घरातल्या बाईचं कळू नये, हे तिला पचत नव्हतं. मलाही पचलेलं नाही.

लेखकांचे दोष आपण सरसकट एका टोपलीत टाकतो. कुणी दारू प्यायचा, कुणी उधाऱ्या बुडवायचा, कुणाला तोंडाळपणाची सवय. अशा गोष्टींचा त्याच्या लेखनाशी बऱ्याचदा काही संबंध नसतो आणि वाचकाने त्यात नाक खुपसू नये हे मला आजही मान्य आहे. बुडवलेली उधारी माझ्या शाखेतली नसेल तर विशेषच मान्य. पण काही वेळा लेखकाची चूक आणि लेखकाची थोरवी एकाच ठिकाणी सापडतात. ज्या विषयावर तो सगळ्यात चांगलं लिहितो, नेमका त्याच विषयात तो जगताना नापास झालेला असतो. तिथे 'माणूस वेगळा, लेखन वेगळं' हे वाक्य उपयोगाचं नाही, कारण ती शिवण उसवायला गेलं तर कापडच फाटतं.

बँकेत एक तरतूद असते. एकाच खातेदाराची ठेव आणि थकलेलं कर्ज दोन्ही आपल्याकडे असली तर ठेवीतून कर्ज वळतं करून घेण्याचा हक्क बँकेला असतो. आपण वाचक नेमकं हेच करतो. कवितेची ठेव मोठी दिसली की तिच्यातून घरातलं कर्ज वळतं करून टाकतो आणि खातं स्वच्छ झालं म्हणतो. किंवा उलट, कर्जाचा आकडा पाहून ठेव जप्त करतो, पुस्तक रद्दीत टाकतो. दोन्हींत चूक एकच आहे. ते कर्ज आपलं थकलेलंच नव्हतं. ज्याचं थकलं त्यानेच ते माफ करावं किंवा वसूल करावं. वळतं करण्याचा हक्क आपल्याला दिला कुणी?

मग ज्यांचं थकलं होतं त्यांनी काय केलं, हे पाहावं असं वाटलं. मराठीत ते पाहायची सोय आहे. पुरुषांनी लिहिलेली चरित्रं आणि गौरवग्रंथ बाजूला ठेवले, तर लेखकांविषयी सगळ्यात खरं लिहिलं आहे ते त्यांच्या बायकांनी.

सुरुवात आमच्याच जिल्ह्यातून करतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. फुलामुलांचे कवी ही त्यांची ओळख. लहान मुलं, रानातली फुलं, पाखरं यांच्याकडे इतक्या मायेने पाहणारा कवी त्या काळात दुसरा नाही. महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये त्यांची भजनं अजून म्हटली जातात. बालकवी ठोंबरे याच माणसाच्या घरी नगरला राहिले आणि टिळक दांपत्याने त्यांना पोटच्या मुलासारखं वागवलं.

आता 'स्मृतिचित्रे' उघडा. लक्ष्मीबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. नवरा भला, बुद्धिमान, उदार आणि जमदग्नीचा अवतार. हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा. न सांगता घरातून निघून जाणारा. बिऱ्हाड कुठे आहे आणि उद्या कुठे असेल याचा बाईला पत्ता नाही. मग १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलणं हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे आणि टिळकांचं मन त्यात प्रामाणिक होतं, याविषयी कुणी शंका घेतलेली नाही. पण बायकोला विश्वासात न घेता त्यांनी ते केलं, आणि त्या काळात त्या एका कृतीने तिचं घर, जात, माहेर, सवाष्णपण, सगळंच टांगणीला लागलं. मूल पदरात. चार-पाच वर्षांची ताटातूट. आज वाचतानासुद्धा त्या प्रकरणांत आपला टिळकांवर संताप होतो.

गंमत अशी की लक्ष्मीबाई तो संताप अडवत नाहीत. त्या टिळकांची वकिली करत नाहीत, त्यांच्या रागाला 'थोर माणसाचा स्वभाव' म्हणून झाकत नाहीत. त्या हसतात. पण त्यांच्या हसण्याने टिळकांचा एकही अपराध हलका होत नाही. एका पानावर या माणसाने आपल्याला कसं उन्हात उभं केलं ते सांगतात, आणि दुसऱ्या पानावर त्याचा मोठेपणा तितक्याच सहजपणे. एका बाजूची रक्कम दुसऱ्या बाजूला नेण्याची त्यांना गरजच पडत नाही.

आणि यापुढची गोष्ट तर मला अद्भुत वाटते. टिळकांनी ख्रिस्ताच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' नावाचं मोठं काव्य लिहायला घेतलं होतं. सुरुवातीचे अध्याय झाले आणि ते अपुरं राहिलं. १९१९ साली टिळक गेले. ते काव्य पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांचं शाळेत जाऊन शिक्षण असं झालेलंच नव्हतं. आज ते काव्य आपल्या हातात आहे त्याचा मोठा भाग त्यांचा आहे. म्हणजे ज्या बाईने टिळकांच्या दोषांची सगळ्यात सविस्तर नोंद केली, तिनेच त्यांची अपुरी कविता पुढे नेली. 'स्मृतिचित्रे' आणि 'ख्रिस्तायन' ही दोन्ही कामं तिच्या आयुष्याच्या उत्तरार्धातली. तिला हे दोन्ही करताना अडचण वाटली नाही. अडचण आपल्याला वाटते.

ज्या बायकांना लिहिता आलं नाही त्यांचं काय झालं तेही पाहा. तुकोबांची आवली. १६२९ नंतरच्या दुष्काळात घर बुडालेलं, थोरली सवत अन्न अन्न करत गेलेली, सवतीचा मुलगा गेलेला, आणि नवरा डोंगरावर. पोरांच्या तोंडात घास कुठून घालायचा हा प्रश्न रोज सकाळी तिच्या दारात उभा. पण कीर्तनांतून आणि सिनेमांतून आपल्याला भेटते ती कजाग, तोंडाळ आवली. तिने काही लिहिलं असतं तर? अभंग एका अक्षरानेही उणे झाले नसते. त्यांची किंमत कुणी मोजली हे मात्र आपल्याला कळलं असतं. ग्रीकांनी सॉक्रेटिसाच्या बायकोचं हेच केलं. थोर पुरुषाच्या घरातली तक्रार करणारी बाई कर्कशा ठरते, हा सगळ्या देशांचा रिवाज दिसतो.

आता टॉलस्टॉय. सोफिया या त्यांच्या पत्नीने 'वॉर अँड पीस'च्या मसुद्यांच्या नकला रात्री जागून पुन्हा पुन्हा काढल्या, बाळंतपणं सांभाळून. पुढे टॉलस्टॉयनी 'क्रॉयट्झर सोनाटा' लिहिली. लग्न, स्त्रीपुरुषसंबंध यांच्यावर इतका कडवट हल्ला की रशियात लोक सोफियाकडे कीव करून पाहू लागले. त्यातली बायको म्हणजे हीच, असं सगळ्यांनी धरलं. सरकारने पुस्तकावर बंदी घातली. सोफियाने काय करावं? १८९१ साली ती सेंट पीटर्सबर्गला गेली, खुद्द झारला भेटली आणि आपल्याला जाहीरपणे घायाळ करणारी ती कथा नवऱ्याच्या समग्र वाङ्मयात छापण्याची परवानगी घेऊन आली. आणि त्याच सुमाराला तिने त्या कथेला उत्तर म्हणून स्वतःची एक कादंबरिका लिहिली, बायकोच्या बाजूने. ती मात्र तिच्या हयातीत छापली गेली नाही. ती छापून यायला १९९४ साल उजाडलं. व्यवहारी माणूस म्हणेल, समग्र वाङ्मयाची विक्री होती, घर चालायचं होतं. असेलही. पण विक्रीसाठी कुणी झारपर्यंत जातं आणि रात्री उत्तराची कादंबरीही लिहितं, एवढ्यावर माझं समाधान होत नाही.

यात पुरुषच तेवढे अपराधी असं समजू नये. ॲलिस मन्रो या कॅनडातल्या कथालेखिकेला २०१३ साली नोबेल मिळालं. २०२४ च्या मे महिन्यात त्या गेल्या. जुलैत त्यांच्या धाकट्या मुलीने जाहीर केलं की लहानपणी सावत्र वडिलांनी तिच्यावर अत्याचार केला होता, पुढे तिने आईला तो सांगितला, आणि आई तरीही त्या नवऱ्याबरोबरच राहिली. मन्रोबाईंच्या कथा मी आधी वाचल्या होत्या. त्यांत आया, मुली आणि न बोललेल्या गोष्टी सारख्या येतात. मला त्या फार संयत वाटायच्या. आता पुन्हा वाचल्या. कथांमधला शब्दही हललेला नाही. पण त्यांतलं मौन आता मला निव्वळ शैली वाटत नाही.

परत रत्नागिरीला येऊ. सुनीताबाई ठाकूर आमच्या रत्नागिरीच्या. १२ जून १९४६ रोजी तिथेच नोंदणी पद्धतीने त्यांचं पु. ल. देशपांड्यांशी लग्न झालं. ज्या रत्नागिरीने पु.लं.ना अंतू बर्वा दिला, तिनेच बायकोही दिली. १९९० साली 'आहे मनोहर तरी' प्रसिद्ध झालं तेव्हा मी बँकेत नवा-जुना अधिकारी होतो आणि जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे त्यावर तट पडले होते. अख्ख्या महाराष्ट्राला हसवणारा माणूस घरात किती आत्ममग्न असू शकतो, बायकोचं मन किती सहज त्याच्या लक्षातून निसटतं, हे त्या पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं होतं. आमच्यापैकी बहुतेकांचा राग कुणावर होता? सुनीताबाईंवर. घरातलं चव्हाट्यावर आणायची काय गरज होती, एवढ्या मोठ्या माणसाच्या सावलीत राहून वर तक्रार, असंच सगळं. आणि याच टेबलावर मल्लिकाबाईंचं पुस्तक निघालं की हीच मंडळी ढसाळांविषयी म्हणायची, "बघा, हे असे हे कवी!" एका घरातल्या पुस्तकाने बायको दोषी ठरली आणि दुसऱ्या घरातल्या पुस्तकाने नवरा. दोन्ही घरांतल्या वागण्यात फरक होता हे खरंच, आणि तो लहान नव्हता. पण आमचा निवाडा त्या फरकावरून झालेला नव्हता. तो कोण आपला आणि कोण परका यावरून झालेला होता, हे मला तेव्हा दिसलं नाही. मीही सुनीताबाईंवर रागावणाऱ्यांतच होतो.

त्याच सुनीताबाई पु.लं.च्या बरोबरीने बोरकर-मर्ढेकरांच्या कविता लोकांसमोर वाचत होत्या, पु.लं.च्या पुस्तकांची, प्रयोगांची, देणग्यांची व्यवस्था डोळ्यांत तेल घालून पाहत होत्या. त्यांच्याइतका पु.लं.चा कडक आणि जाणता वाचक दुसरा झाला नसेल. पु.ल. गेले ते १२ जून २००० रोजी, लग्नाच्या तारखेलाच.

इथवर लिहून मी थांबणार होतो. पण नातीच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यांच्या घरांत शोधून मी पुन्हा तेच करतोय असं वाटलं. तेव्हा आता माझ्या घरातलं.

पूर्णगड हे माझ्या बायकोचं माहेर. निवृत्तीनंतर आम्ही इथे आलो, म्हणजे तसा मी म्हातारपणी घरजावई झालो. १९९९ साली माझी बदली सोलापूरला होती. श्रावणात तार नाही, फोनच आला, शेजाऱ्यांकडे. सासूबाईंचं काही खरं नाही, दोघंही या. त्यांना मुलगा होता, तो जवळ होता. पण मला त्यांनी जावई म्हणून कधी वागवलं नव्हतं, मुलगाच मानलं होतं. बायको त्याच रात्री निघाली. मी म्हटलं, शाखेत इन्स्पेक्शन चालू आहे, रजा मिळत नाही.

इन्स्पेक्शन नव्हतं. रजा मागितली असती तर मिळाली असती. खरी गोष्ट अशी होती की दोन वर्षं अडून राहिलेली माझी कादंबरी त्याच आठवड्यात चालायला लागली होती. रोज पहाटे चारला उठून सात-आठ पानं होत होती. आता उठलो तर हे पुन्हा अडेल अशी भीती वाटली. रिकाम्या घरात दहा दिवस लिहिलं. इतकं सलग मी त्याआधी लिहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. सासूबाई नवव्या दिवशी गेल्या. मी दिवसकार्याला पोचलो.

परत आल्यावर रात्री बसून बायकोने मला सगळं सांगितलं. पाऊस कसा कोसळत होता. माजघरातली खिडकी बंद करायला त्या कशा देत नव्हत्या, पाणी आत येत होतं तरी. एसटीचा आवाज आला की मान वळवून दाराकडे कशा पाहायच्या. शेवटच्या दोन दिवसांत एसटी बंद होती, तरी त्यांना ऐकू यायची. आणि प्रत्येक वेळी विचारायच्या, आले का?

तुम्ही ओळखलंच असेल. कादंबरी २००२ साली निघाली आणि तिच्यातल्या ज्या प्रकरणाची लोकांनी तारीफ केली, अजून करतात, ते म्हातारीच्या मरणाचं आहे. खिडकी, पाऊस, एसटी, सगळं तसंच. फक्त ती वाट पाहते ती धाकट्या मुलाची. तो बोटीवर नोकरीला असतो आणि बोट समुद्रात असल्यामुळे येऊ शकत नाही. कादंबरीतल्या मुलाला मी माझ्यापेक्षा बरं कारण दिलं होतं.

माझी मुद्रितं बायको तपासते. ते प्रकरण तिने वाचलं तेव्हा मी दुसऱ्या खोलीत होतो आणि पेपर वाचायचं सोंग करत होतो. तासाभराने तिने गठ्ठा आणून दिला. दोन ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केले होते. एके ठिकाणी मी ओटी लिहिलं होतं तिथे माजघर केलं होतं. म्हणाली, "चांगलं उतरलंय हे. मला वाचताना आई दिसली." आणि मग तितक्याच साध्या आवाजात, "पण ती तुमची वाट बघत होती. इन्स्पेक्शन नव्हतं, मला ठाऊक आहे."

आज तेवीस-चोवीस वर्षं झाली. यानंतर तिने तो विषय काढलेला नाही. कुणी त्या प्रकरणाविषयी बोललं तर ती मान डोलावते आणि ती मान खरी डोलते, ते मला कळतं. 'चांगलं उतरलंय' हे तिने मागे घेतलं नाही आणि 'तुम्ही आला नाहीत' हेही मागे घेतलेलं नाही. मी मात्र इतकी वर्षं मनातल्या मनात पहिल्या वाक्यातून दुसरं वजा करत आलो होतो. एवढं चांगलं प्रकरण झालं, म्हणजे ते दहा दिवस कारणी लागले. मी गेलो असतो तर हे लिहून झालं असतं का? या प्रश्नाचं उत्तर कदाचित 'नाही' असंच आहे, आणि तरी मी जायला हवं होतं.

हे सगळं मी नातीला सांगितलं का? सांगितलं. दिवाळीत ती पुन्हा आली तेव्हा. आम्ही माजघरातच बसलो होतो, त्याच खिडकीशी. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "ती कादंबरी मी वाचू?"

मी म्हटलं, "वाच. पण आता तुला ती आधीसारखी वाचता यायची नाही."

"आधी मी वाचलीच नव्हती, आजोबा," ती म्हणाली. बरं झालं, एका लेखकाचा अहंकार तिथल्या तिथे उतरला.

जाताना तिने 'गोलपिठा' पुण्याला न्यायला मागितला. कवितांच्या काही जागा तिला पुन्हा वाचायच्या होत्या, मैत्रिणींनाही वाचून दाखवायच्या होत्या. मी दिला. मल्लिकाबाईंचं पुस्तक फळीवर दिसलं नाही म्हणून विचारलं, तर म्हणाली, "ते मी मे महिन्यातच आजीला दिलं होतं."

म्हणजे ज्या पुस्तकाविषयी मी सहा महिने विचार करत होतो, ते मधल्या काळात माझ्या फळीवर नव्हतंच, आणि मला पत्ता नव्हता. ते बायकोच्या उशाशी आहे. रात्री दिवा मालवायच्या आधी ती त्यातली पाच-सहा पानं वाचते, खूण म्हणून एसटीचं जुनं तिकीट घालून ठेवते. काल विचारलं, कसं आहे. म्हणाली, "सावकाश वाचतेय. अजून झालं नाही."